भूगोलाचे पाच प्रश्न : वडोदरा शहराच्या निमित्ताने

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

दहावीची परीक्षा आटोपली की वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याची भूगोलाशी बहुधा कायमची फारकत होते. नद्यांची लांबी, पिकांच्या याद्या, राजधान्यांची नावे पाठ केली, पेपर लिहिला, की तो विषय संपला, अशी आपली समजूत असते. वस्तुतः व्यापार म्हणजे तरी काय? एका ठिकाणी मुबलक असलेला माल दुसऱ्या, गरज असलेल्या ठिकाणी पोहोचविणे. गोदाम कोठे बांधावे, बँकेची शाखा कोठे उघडावी, एखाद्या गावात कापसाचाच व्यापार का वाढला, हे सारे प्रश्न हिशेबाच्या वहीत दिसत असले तरी त्यांची मुळे जमिनीत असतात. म्हणून भूगोल हा पाठांतराचा विषय नसून प्रश्न विचारण्याची एक रीत आहे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

ही रीत सोपी करून सांगण्याचे काम १९८४ साली अमेरिकेतील भूगोल-अभ्यासकांच्या दोन संस्थांनी केले. शालेय शिक्षणासाठी त्यांनी भूगोलाची पाच मूलभूत सूत्रे मांडली : स्थान, स्थळ, मानव-पर्यावरण संबंध, संचार आणि प्रदेश. नुसत्या व्याख्यांनी ती ध्यानात राहणार नाहीत. म्हणून मराठी माणसाच्या परिचयाचे, पण महाराष्ट्राबाहेरचे एक शहर उदाहरणादाखल घेऊ. ते शहर म्हणजे वडोदरा.

१. स्थान : ते कोठे आहे?

स्थान दोन प्रकारे सांगता येते. पहिले निरपेक्ष स्थान. वडोदरा सुमारे २२ अंश १८ मिनिटे उत्तर अक्षांश व ७३ अंश १२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. एवढ्यावरूनही काही गोष्टी कळतात. शहर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने तेथे वर्षातून दोन वेळा सूर्य बरोबर डोक्यावर येतो.

दुसरे सापेक्ष स्थान, म्हणजे इतर ठिकाणांच्या संदर्भात ते कोठे आहे. उत्तरेस मही नदी, दक्षिणेस नर्मदा, पश्चिमेस खंबातचे आखात, पूर्वेस पावागडचा डोंगर आणि त्यापलीकडे माळव्याकडे जाणारी वाट. अहमदाबाद सुमारे १०० कि.मी., तर मुंबई रेल्वेने सुमारे ३९० कि.मी. दूर आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे दुसरे उत्तर अधिक मोलाचे.

येथे एक मर्म आहे. निरपेक्ष स्थान बदलत नाही. सापेक्ष स्थान मात्र बदलते. एके काळी या भागातील मोठे बंदर खंबात होते. ते गाळाने भरत गेले आणि त्याचे महत्त्व ओसरले. उलट १८६१ साली लोहमार्गाची वाट वडोदऱ्यास पोहोचली, पुढे ती मुंबईशी जोडली गेली आणि शहर जागचे न हलताही मुंबईच्या ‘जवळ’ आले.

२. स्थळ : ते कसे आहे?

प्रत्येक ठिकाणाचा एक स्वभाव असतो. त्यात निसर्गाचा वाटा असतो, तसा माणसांचाही असतो. वडोदऱ्याच्या उत्तरेस महीपलीकडे चरोतरची गोराडू, म्हणजे वाळूमिश्रित सुपीक जमीन. तेथे तंबाखू पिकते. दक्षिणेस नर्मदेच्या बाजूला कानमची काळी जमीन, ती कापसाची. दोन तऱ्हेच्या मातीच्या मधोमध बसलेले गाव बाजारपेठ न झाले तरच नवल!

गावाचे नावही निसर्गातूनच आले आहे. इ. स. ८१२ मधील एका राष्ट्रकूट ताम्रपटात ‘वडपद्रक’ या दान दिलेल्या गावाचा उल्लेख येतो. या नावाचे मूळ वडाच्या झाडात आहे. त्याही आधीची वस्ती नदीच्या पश्चिम तीरावर अंकोट्टक येथे, म्हणजे आजच्या अकोटा भागात होती.

१७३४ नंतर शहर गायकवाडांच्या ताब्यात कायमचे आले आणि त्याच्या स्वभावात मराठी रंग मिसळला. जुन्या शहराच्या मध्यभागी मांडवी, तिच्या चारी दिशांना लहरीपुरा, चांपानेर, पाणीगेट व गेंडीगेट हे दरवाजे. दांडिया बाजारासारख्या भागात आजही मराठी कानी पडते. १९०९ साली मराठी साहित्य संमेलन येथे भरले आणि २०१८ साली ते पुन्हा याच शहरात भरले. गुजराती शहर असूनही मराठीला परके न वाटणारे, असा हा त्याचा स्वभाव.

३. मानव आणि पर्यावरण : दोघांचे नाते काय?

मनुष्य निसर्गावर अवलंबून असतो, त्याच्याशी जुळवून घेतो आणि त्यात बदलही करतो. वडोदऱ्यात ही तिन्ही नाती पाण्याच्या बाबतीत ठळकपणे दिसतात.

अवलंबून असणे म्हणजे काय, ते १८९९-१९०० च्या दुष्काळाने दाखविले. गुजरातेत त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६ चा. १८९१ च्या जनगणनेत बडोदे संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे १९ लाख ५३ हजार उरली. अवर्षण आणि त्यापाठोपाठची रोगराई यांचे हे आकडे आहेत. ते वाचताना प्रत्येक आकड्यामागे एक माणूस होता, हे विसरता कामा नये.

बदल करण्याचे उदाहरण म्हणजे आजवा येथील सयाजी सरोवर. महाराज सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीत शहराच्या पूर्वेकडे मातीचे मोठे धरण बांधून १८९२ पासून शहरास नळाचे पाणी मिळू लागले. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पाणी उताराने आपोआप येते. जमिनीचा उतार नीट वाचला तर किती काम फुकटात होते, याचा हा धडा आहे.

परंतु उतार जसा पाणी आणतो, तसा पूरही आणतो. विश्वामित्री ही पावागडहून निघणारी लहान नदी. डोंगरउतारावरून पाणी वेगाने येते आणि सपाट मैदानात शिरल्यावर तिची गती मंदावते, ती वळणे घेऊ लागते. आजवा भरून वाहू लागले की त्याचेही पाणी तिलाच मिळते. पूर्वी हे जादा पाणी नदीकाठच्या घळींत, तलावांत आणि मोकळ्या सखल जमिनीत पसरून राहत असे. शहर वाढले, तशा या जागा भरल्या, त्यांवर वस्ती झाली. १९०१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ४ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाखांच्या वर गेली. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात सुमारे ५०० मि.मी. पाऊस झाला, म्हणजे वर्षाच्या सरासरीच्या निम्म्याहून अधिक पाऊस एका दिवसात. ऑगस्ट २०२४ मध्ये तर धोक्याची पातळी २६ फूट असताना नदी ३५ फुटांच्याही वर चढली. नदीतील मगरी रस्त्यांवर आल्या, म्हणून वृत्तपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली. पण मगरी वस्तीत आल्या की वस्तीच नदीत गेली, हा प्रश्न भूगोलाच्या विद्यार्थ्याने विचारावयास हवा. दुकानातील भिजलेला माल हिशेबात ‘पुरामुळे तोटा’ म्हणून लिहिला जातो. दुकान सखल जागी होते, ही नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

४. संचार : काय येते, काय जाते?

माल, माणसे, पैसा आणि विचार यांची ये-जा म्हणजे संचार. १८६२ साली गायकवाडांनी डभोई ते मियागाम असा अरुंद लोहमार्ग घातला. त्यावरील डबे आरंभी चक्क बैल ओढीत. काळ्या जमिनीतला कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत पोहोचविण्याची ती सोय होती. १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. १९६० मध्ये अंकलेश्वरला खनिज तेल सापडले आणि १९६५ मध्ये शहरालगत कोयली येथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. त्यामागून रसायनांचे उद्योग वाढले. एकेका संचाराने पुढच्या संचारास वाट करून दिली, हे येथे स्पष्ट दिसते.

विचारांचाही संचार होतो. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. १९१० पासून गावोगाव ग्रंथालये नेण्याची चळवळ उभी राहिली.

मात्र संचाराच्या आड डोंगर आणि नद्याच येतात असे नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेस गेले. सातासमुद्रांपार जाऊन ते उच्चविद्याविभूषित झाले. १९१७ मध्ये नोकरीसाठी ते वडोदऱ्यास परत आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना! पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर पडावे लागले आणि शहर सोडावे लागले. नकाशावर रस्ता मोकळा असतो, समाजात तो बंद असू शकतो. ही अदृश्य भिंत ज्या भूगोलात दाखविली जात नाही, तो भूगोल अपुराच म्हटला पाहिजे.

५. प्रदेश : सीमा कोणी आखली?

समान लक्षणांच्या आधारे ठिकाणांचा गट केला की प्रदेश होतो. त्याचे तीन प्रकार सांगतात. पहिला औपचारिक : कायद्याने वा ठराविक निकषाने ठरलेला. बडोदे संस्थान असेच होते. पण ते सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली हे त्याचे प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते आणि मध्ये इंग्रजांचा किंवा इतर संस्थानांचा मुलूख होता. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १ मे १९६० पासून वडोदरा गुजरात राज्यात आहे. दुसरा कार्यात्मक : एखाद्या केंद्राभोवती बांधलेला, जेवढ्या गावांतून लोक रोज कामाला किंवा शिकावयास वडोदऱ्यास येतात, तेवढा त्याचा कार्यात्मक प्रदेश. तिसरा लोकमानसातला : चरोतर किंवा कानम यांच्या हद्दी सरकारी नकाशावर नसतात, पण शेतकऱ्याला त्या पक्क्या ठाऊक असतात.

भाषेचे प्रदेश तर रेघ मारून वेगळे होतच नाहीत. ते एकमेकांवर पसरलेले असतात. मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असलेले आपले हे नियतकालिकच त्याचा पुरावा होय. एक घरची भाषा, एक बाजारातली, असे जगणाऱ्या माणसाला सीमेची रेघ कशी दिसते, हाही भूगोलाचाच प्रश्न आहे.

स्वाध्याय

मित्रहो, हे पाच प्रश्न आता आपापल्या गावाला विचारून पाहा. गाव कोणत्या वाटांवर आहे? त्याची माती कोणती, नावाचा अर्थ काय? पाणी कोठून येते आणि पावसाळ्यात कोठे साचते? बाजारच्या दिवशी कोणता माल येतो, कोणता जातो, आणि कामासाठी कोण गाव सोडते? गावाची हद्द सरकारच्या मते कोठे आणि तुमच्या आजोबांच्या मते कोठे संपते? उत्तरे एका वहीत लिहा, जमल्यास साधा नकाशा काढा आणि त्यात सखल जागा आठवणीने रंगवा. उद्या दुकान, घर किंवा गोदाम बांधण्याची वेळ येईल, तेव्हा ती वही उपयोगी पडेल.