पित्ताशयाचे खडे आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया

प्रश्न : आईचं वय ६२. पित्ताशयात खडे आहेत, अधूनमधून पोटात असह्य कळा येतात. डॉक्टर दुर्बिणीतून ऑपरेशन करू म्हणतात. एवढ्याशा छिद्रांतून आतलं नीट दिसतं का?

उत्तर : दिसतं, आणि नुसत्या डोळ्यांपेक्षा मोठं दिसतं. बेंबीजवळच्या साधारण १० मिलिमीटरच्या छेदातून कॅमेरा आत जातो. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केलेली असते. बाकीची दोन-तीन छिद्रं अवजारांसाठी. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी क्लिपा लावून कापतात, मग खड्यांसकट पित्ताशय बाहेर काढतात. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया केली, तेव्हा ती भारतात नवी होती. आज ती सर्रास होते. मोठा छेद नसल्याने दुखणं कमी. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. उरलेल्या वायूमुळे खांदा थोडा दुखतो, त्याने घाबरू नका.

सूज फार असेल, तर सर्जनना ऐनवेळी पोट उघडावं लागतं. तो आईच्या जिवाची काळजी घेऊन केलेला निर्णय असतो. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्याबद्दल मोकळेपणाने विचारा. आणि मधल्या काळात ताप किंवा कावीळ दिसली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.