सरकारी खरेदीच्या सर्वसाधारण अटी

सरकार राज्य करते, कर गोळा करते, न्यायदानाची व्यवस्था पाहते, हे आपण जाणतो. परंतु सरकार हे एक फार मोठे गिऱ्हाईकही आहे, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. लष्कराच्या भटारखान्यासाठी बटाटे, रुग्णालयांसाठी चादरी, रेल्वेसाठी रूळ, कचेऱ्यांसाठी कागद या साऱ्या वस्तू त्याला विकत घ्याव्या लागतात. घरचा माणूस बाजारात गेला की माल पारखतो, भावाची घासाघीस करतो, पैसे देतो आणि व्यवहार तेथेच संपतो. सरकारला असे करता येत नाही. खरेदी करणारा अधिकारी जनतेचा पैसा खर्च करीत असतो. त्याने आज एकाकडून एका अटीवर आणि उद्या दुसऱ्याकडून निराळ्या अटीवर माल घेतला, तर पक्षपाताला वाव राहील. म्हणून प्रत्येक करारास लागू होणाऱ्या अटी आधीच छापून ठेवण्याची प्रथा पडली. यांनाच कराराच्या सर्वसाधारण अटी म्हणतात.

भारत सरकारच्या मध्यवर्ती खरेदीचे काम दीर्घकाळ पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाकडे होते. त्याचा अटींचा 'नमुना क्रमांक ६८' पुरवठादारांच्या चांगल्या परिचयाचा होता. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी हे महासंचालनालय बंद झाले. त्यापूर्वी, ऑगस्ट २०१६ मध्ये, सुरू झालेल्या 'जेम' या शासकीय ई-बाजारपेठेत आता अटी संगणकाच्या पडद्यावर वाचावयाच्या आणि तेथेच मान्य करावयाच्या असतात. साधन बदलले, तरी अटींचा गाभा बराचसा पूर्वीचाच राहिला आहे.

या अटींचे एक वैशिष्ट्य प्रारंभीच लक्षात घेतले पाहिजे. त्या एका पक्षाने लिहिलेल्या असतात. दुसऱ्या पक्षाने त्यांना केवळ संमती द्यावयाची असते. असा एकतर्फी लिहिलेला कागद न्याय्य कसा राहील, हाच या विषयातील मुख्य प्रश्न होय.

करार कोणाच्या नावाने?

संविधानाच्या २९९ व्या अनुच्छेदानुसार संघराज्याचा करार राष्ट्रपतीच्या नावाने आणि राज्याचा करार राज्यपालाच्या नावाने केलेला असला पाहिजे, आणि त्यावर तसा अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच सही केली पाहिजे. हा केवळ उपचार नव्हे. १९४३ साली पूर्व भारतीय रेल्वेच्या एका विभागीय अधीक्षकाने धान्याच्या खरेदीचे आदेश दिले होते. काही धान्य रेल्वेने स्वीकारले. पुढे उरलेले घेण्यास नकार दिला. भिकराज जयपुरिया खटला या नावाने ओळखले जाणारे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आदेश त्या वेळच्या कायद्याला अनुसरून गव्हर्नर जनरलच्या नावाने काढलेले नव्हते, म्हणून असा करार सरकारवर बंधनकारक होत नाही, असा निर्णय १९६१ साली न्यायालयाने दिला.

मग सद्‌भावनेने माल देणाऱ्याने काय करावे? याचे उत्तर त्याच वर्षी पश्चिम बंगाल राज्याच्या एका प्रकरणात मिळाले. एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी काम केले आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमाच्या ७० व्या कलमाखाली मोबदला मागता येतो, असे न्यायालयाने म्हटले. तथापि हा मोबदला झालेल्या कामापुरताच मिळतो. कराराने अपेक्षिलेला नफा त्यात येत नाही. यावरून पुरवठादाराने घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. सही कोणाची आणि कोणाच्या वतीने, हे त्याने दरापूर्वी पाहावे.

अटींतून काय साधते?

सर्वसाधारण अटींची कलमे अनेक असली, तरी त्यांचे हेतू मोजकेच आहेत. निविदा भरणाऱ्याने मध्येच माघार घेऊ नये म्हणून बयाणा रक्कम घेतात. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ती अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के ठेवली आहे. करार झाल्यावर तो नीट पार पडावा म्हणून निराळी अनामत रक्कम घेतात. माल तपासून नाकारण्याचा हक्क सरकार स्वतःकडे राखते. नाकारलेला माल पुरवठादाराने स्वखर्चाने उचलून न्यावयाचा असतो. ठरलेला माल आलाच नाही, तर सरकार तो दुसरीकडून घेते आणि वाढीव किंमत पहिल्या पुरवठादाराकडून वसूल करते. व्यवहारात याला पुरवठादाराच्या जोखमीवर व खर्चाने केलेली खरेदी म्हणतात.

माल आला परंतु उशिरा आला, तर ठरीव नुकसानभरपाई कापून घेतली जाते. वित्त मंत्रालयाच्या २०१७ च्या माल-खरेदीविषयक पुस्तिकेत तिचा दर दर आठवड्यास अर्धा टक्का आणि कमाल मर्यादा १० टक्के असा आहे. समजा, १० लाख रुपयांचा माल सहा आठवडे उशिरा आला. अशा वेळी ३ टक्के, म्हणजे ३०,००० रुपये कापले जातील. वीस आठवड्यांनंतर ही कपात १ लाख रुपयांवर थांबेल.

बटाटे, अंडी आणि अनामत रक्कम

या अटींचा एकतर्फीपणा कोठवर चालतो, हे मौला बक्ष खटल्यावरून उत्तम कळते. फेब्रुवारी १९४७ मध्ये मौला बक्ष याने संयुक्त प्रांत विभागाच्या लष्करी मुख्यालयास बटाटे पुरविण्याचा करार केला आणि १०,००० रुपये अनामत ठेवले. मार्चमध्ये कोंबड्या, अंडी व मासळी पुरविण्याचा दुसरा करार झाला. त्यासाठी ८,५०० रुपये ठेवले. पुरवठ्यात वारंवार खंड पडू लागला. वर्षअखेरीस सरकारने दोन्ही करार रद्द केले आणि अटींप्रमाणे १८,५०० रुपये जप्त केले.

कसूर पुरवठादाराची होती, याविषयी न्यायालयांस शंका नव्हती. छापील अटही सरकारच्या बाजूने होती. तरीही १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुरवठादाराचे पैसे परत करावयास लावले. त्यामागील विचार मननीय आहे. संविदा अधिनियमाच्या ७४ व्या कलमाने करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा ठरते. त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच मिळते. बटाटे आणि अंडी बाजारात मिळणाऱ्या वस्तू आहेत. पुरवठा न झाल्यामुळे सरकारला त्या कोणत्या भावाने घ्याव्या लागल्या, हे सहज दाखवता आले असते. परंतु सरकारने तसा पुरावाच दिला नाही. नुकसान मोजता येत असताना ते न मोजता सारी ठेव गिळंकृत करणे म्हणजे भरपाई नव्हे, तो दंड होय. वाजवी बयाणा रकमेची गोष्ट मात्र न्यायालयाने निराळी मानली.

पुढे २००३ साली तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या एका खटल्यात न्यायालयाने दुसरी बाजू पुढे मांडली. नुकसान मोजणे कठीण असेल आणि दोन्ही पक्षांनी आधीच प्रामाणिक अंदाज बांधून रक्कम ठरविली असेल, तर प्रत्यक्ष नुकसानीचा पुरावा मागू नये, असे त्यात म्हटले आहे. २०१५ साली दिल्ली विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पुन्हा हे स्पष्ट झाले की, नुकसानच झाले नसेल तर भरपाईचा प्रश्न उद्‌भवत नाही. तेथे ७८ लाख रुपये जप्त झाले होते. पण सुमारे ३ कोटी १२ लाखांना बोली लागलेला तो भूखंड प्राधिकरणाने नंतर ११ कोटी ७८ लाखांना विकला होता.

निवाडा कोणी करावा?

जुन्या अटींत वाद निर्माण झाल्यास खरेदी करणाऱ्या खात्याच्या अधिकाऱ्यानेच लवाद नेमावा, असे कलम असे. कित्येकदा हा लवाद सरकारी नोकरच असे. लवादविषयक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने पक्षाच्या नोकरास लवाद होण्यास मनाई केली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने एकाच पक्षाला एकमेव लवाद नेमू देणारे कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविले. याउलट, जून २०२४ मध्ये वित्त मंत्रालयाने खात्यांना अशी सूचना दिली होती की, देशांतर्गत खरेदीच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये. ते सर्वसाधारणपणे १० कोटींहून कमी रकमेच्या वादांपुरते ठेवावे. साहजिकच मोठ्या रकमेच्या वादांना दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागण्याचा संभव वाढला.

लहान उद्योजकाला याहूनही जवळची चिंता असते, ती म्हणजे बिलाचे पैसे वेळेवर मिळण्याची. पुरवठादाराच्या विलंबाला आठवड्याचा दर आहे. सरकारच्या विलंबाचे काय? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक अधिनियमाने सूक्ष्म व लघु पुरवठादारांपुरते याचे उत्तर दिले आहे. करारात काहीही लिहिलेले असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते.

येथे अधिकाऱ्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. दंड माफ केला तर लेखापरीक्षक कारण विचारतो. दंड कापला तर सहसा कोणी विचारत नाही. त्यामुळे अटीचा हेतू न पाहता तिचे अक्षर लावण्याकडे कल होतो. जनतेचा पैसा राखणे हे या अटींचे पहिले प्रयोजन आहे आणि ते योग्यच आहे. परंतु वेळेवर पैसे न मिळाल्यामुळे किंवा अवाजवी जप्तीमुळे प्रामाणिक पुरवठादार सरकारी निविदांकडे पाठ फिरवू लागला, तर स्पर्धा घटते, भाव चढतात आणि तो भार अखेर जनतेवरच पडतो. भरपाई नुकसानीला धरून असावी, दंडासाठी नसावी, हे बटाट्यांच्या त्या खटल्यातील तत्त्व म्हणूनच पुरवठादाराइतकेच सरकारच्याही हिताचे आहे.