कार्ड गेलेलं नव्हतं

“लोडवर मान टाकतंय सर. ग्राफिक्स कार्डच गेलंय.” हे मी त्या दुकानात तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा पाकिटात हात घातला. दुकानाचं नाव लिहीत नाही. मला सांगलीतच राहायचंय.

झालं होतं एवढंच. दिवाळीच्या सुट्टीत पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडला, स्टीमचा बिग पिक्चर मोड लावला आणि आम्ही बापलेक सोफ्यावर बसून चार संध्याकाळी खेळलो. सुट्टी संपल्यावर हिने टीव्ही परत मागितला. पीसी पुन्हा खोलीतल्या 19 इंची जुन्या मॉनिटरला गेला, मध्ये कन्व्हर्टर घालून, कारण त्याला व्हीजीएच आहे. डेस्कटॉप ठीक, यूट्यूब ठीक. गेम सुरू केला की पडदा काळा आणि मधोमध चौकटीत ‘आउट ऑफ रेंज’.

ती चौकट मी दुकानदाराला बोट ठेवून दाखवली. “ते येतंच,” म्हणाला. मग त्याने विंडोज नवी टाकली. मी दोन रात्री जागून 48 जीबीचा गेम पुन्हा उतरवला. पुन्हा काळं. “आता बघा, विंडोज नवी, गेम नवा. राहिलं काय?” खरं सांगतो, त्या बोलण्यात मला खोट काढता येईना. सेकंडहँड कार्डाचे 2,000 रुपये ॲडव्हान्स देऊन आलो.

शनिवारी भाची आली. थोडी सहानुभूती मिळावी म्हणून तिला तो काळा पडदा दाखवला. तिने पडद्याकडे बघितलंच नाही, स्पीकरचा आवाज वाढवला. खालचा बाण दाबला. टिक. पुन्हा दाबला. टिक. “मामा, गेम चालू आहे की. फक्त दिसत नाहीये.” आणि ऑल्ट-एंटर दाबलं. गेम छोट्या खिडकीत समोर उभा, आणि मेन्यूत आमचा दिवाळीतला अर्धवट खेळ जशाच्या तसा.

“पण विंडोज तर नवी टाकलीय. हा खेळ इथे आला कसा?”

“क्लाउडवरून. सेटिंगपण तिथूनच आलं असणार.”

मी खाली बसलो. टीव्हीवर ठरलेलं 1920 बाय 1080 गेमने लक्षात ठेवलं होतं आणि माझा मॉनिटर 1440 बाय 900 चा. आम्ही घर धुऊन काढत होतो आणि तो हट्टी आकडा दर वेळी मागच्या दाराने आत येत होता.

आता ज्यांना असा काळा पडदा दिसेल त्यांच्यासाठी. पडदा बघू नका, कान द्या. मेन्यूचा आवाज येत असेल तर दुकानात जायची घाई नको. आधी ऑल्ट-एंटर, पुष्कळ गेममध्ये चालतं, सगळ्यांत नाही. नाही चाललं तर स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल, आणि लाँच ऑप्शन्सच्या रकान्यात वजाचं चिन्ह व त्याला चिकटून इंग्रजीत ‘विंडोड’. युनिटीवर बनलेल्या गेमना हे कळलं नाही तर ‘वजा-स्क्रीन-फुलस्क्रीन’ आणि जागा सोडून शून्य. तिथेच स्टीम क्लाउडचं बटण आहे. सेटिंगची फाइल पुसायची असेल तर आधी ते बंद करा, नाहीतर माझ्यासारखे दोन रात्री जागाल. सेव्हची प्रत मात्र आधी बाजूला काढून ठेवा.

गेम दिसू लागला की डिस्प्लेमध्ये एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनऐवजी बॉर्डरलेस ठेवा. पहिल्यात गेम मॉनिटरचं रिझोल्यूशनच बदलू बघतो. दुसऱ्यात डेस्कटॉपचं आहे ते निमूट वापरतो. टीव्ही-मॉनिटर अशी अदलाबदल करणाऱ्या घरात दुसराच बरा. बिग पिक्चरमध्ये अडकलात तर मेन्यूत पॉवरखाली बाहेरची वाट आहे. कंट्रोलरचं मधलं बटण चुकून दाबलं तरी तो मोड उघडू शकतो, तेव्हा पोराला ओरडू नका. मी ओरडलो होतो. ड्रायव्हर वगैरे अपडेट ठेवा, ते सगळेच सांगतात.

आणखी एक. गेम नुकताच घेतला असेल तर काळ्या पडद्यासमोर तो चालू ठेवून चहाला जाऊ नका. स्टीमवर पैसे परत मागायला खरेदीपासून 14 दिवस आणि 2 तासांपेक्षा कमी खेळ अशी अट आहे, आणि तुम्हाला काही दिसो न दिसो, घड्याळ चालूच असतं.

सोमवारी दुकानात गेलो. ऑल्ट-एंटरचं सांगितलं. “अशी एखादी केस असते काका,” म्हणाला. शनिवारपर्यंत मी सर होतो. ॲडव्हान्स परत द्यायचं नाव नाही, म्हणतो त्याबदल्यात दुकानातलं काहीतरी घेऊन जा. मला त्याच्याकडचा माउससुद्धा नको आहे. भाची म्हणते, मॉनिटर घे.