अर्धा किलो मटण आणि आठ पाने



नववीच्या वर्गात संतुलित आहाराचा पाठ चालू होता. रविवारी दुपारी घरी काय जेवलात ते वहीत लिहा, असे आम्ही सांगितले. एका मुलीने लिहिले, "मटण. मला रस्सा-भात. फोडी दादाला आणि पप्पांना." तिने ही तक्रार म्हणून लिहिली नव्हती. घरात असेच असते, एवढेच तिला माहीत होते. तिची आई तर शेवटच्या पंगतीला बसत असणार. तिच्या वाट्याला काय उरत असेल ते विचारण्याची गरजच पडली नाही.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आहे. मटण महाग असते, म्हणून ते मोजून वाढले जाते. आणि मोजून वाढले की कोणाला तरी कमी पडते. यावर एक उपाय स्वयंपाकघरातच आहे. तो म्हणजे मटणाबरोबर कडधान्य शिजवणे. या अंकातला पाठ त्याचाच आहे.

ही पद्धत नवी नाही

दख्खनच्या मुसलमान घरांत हरभऱ्याच्या डाळीत मटण घालून दालचा करतात. पारशी मंडळींचा धानसाक डाळी, भाज्या व मटण यांचा असतो. रायगडकडे थंडीत वालाच्या शेंगा आणि कोंबडी एकाच मडक्यात भाजून पोपटी करतात. ब्राझीलमधील लोकांची फेजोआदा काळ्या घेवड्याची आणि मांसाची असते. थोडे मांस पुष्कळ माणसांना पुरवायचे, ही अडचण सगळीकडे सारखीच आहे.

आपण घेवडा घेऊ. बाजारात त्याला राजमा म्हणतात. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागाच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. घेवडा आणि मिरची ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली. ती समुद्रमार्गे आपल्याकडे आली आणि आता घरची झाली. कोरडा घेवडा वजनाला वजन लावून पाहिला तर प्रथिनांत मटणाच्या मागे नाही. दोघांतही १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात.

लोहाची गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. घेवड्यात लोह असते, पण त्यातले थोडेच शरीरात शोषले जाते. त्याच जेवणात थोडे जरी मांस असले तरी कडधान्यातले लोह अधिक शोषले जाते. म्हणजे दोन फोडी नुसत्या दोन फोडी राहत नाहीत, त्या ताटातल्या घेवड्यालाही कामाला लावतात. वरून पिळलेले लिंबूही हेच काम करते. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा याच्या उलट करतो.

साहित्य (सात ते आठ माणसांसाठी)

मटण अर्धा किलो, हाडासकट. फोडी लहान करून मागाव्यात.
घेवडा पाव किलो.
कांदे ४, सुके खोबरे अर्धी वाटी, तीळ १ चमचा, लसणाच्या १२ पाकळ्या, आल्याचा तुकडा.
ब्याडगी मिरच्या ६, बिया काढून. संकेश्वरी मिरची १.
धने २ चमचे, जिरे १ चमचा, लवंगा ३, दालचिनीचा लहान तुकडा.
हळद, मीठ, तेल, आमसुले ३, कोथिंबीर, लिंबू.

रश्श्याला रंग ब्याडगी देते, तिखटपणा संकेश्वरी देते. आपल्याकडे तांबड्या रश्श्याला तिखटजाळ असण्याचा मान आहे, पण लहान मुलांनाही वाटीभर रस्सा खाता यावा असे वाटत असेल तर हेच प्रमाण ठेवावे.

कृती

१. रात्री घेवडा निवडून, धुऊन तिप्पट पाण्यात भिजत घालावा. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा मीठ टाकावे. मिठाने कडधान्य शिजत नाही, असे आपण ऐकत आलो आहोत; पण भिजवण्याच्या पाण्यातले मीठ साल मऊच करते. आठ-दहा तासांनी ते पाणी फेकून घेवडा पुन्हा धुवावा.

२. ताज्या पाण्यात घेवडा उघड्या पातेल्यात निदान दहा मिनिटे खळखळ उकळावा, मग कुकरमध्ये चार शिट्ट्या द्याव्यात. ही पायरी कोणीही गाळू नये. कच्च्या घेवड्यात एक विषारी द्रव्य असते. अर्धकच्चे चार-पाच दाणे खाल्ले तरी काही तासांत उलट्या-जुलाब होऊ शकतात. नुसत्या मंद आचेवर ठेवल्याने ते नष्ट होत नाही, पूर्ण उकळीने होते.

३. मटणाला हळद, मीठ आणि वाटलेले आले-लसूण लावून अर्धा तास ठेवावे. तेलात दोन कांदे परतून मटण घालावे आणि झाकणावर पाणी ठेवून अंगच्या रसात शिजू द्यावे. लागेल तसे झाकणावरचे गरम पाणी आत घालावे, थार पाणी घालू नये. साधारण तास-सव्वा तास लागतो.

४. उरलेले दोन कांदे, खोबरे, तीळ, मिरच्या आणि खडा मसाला वेगवेगळे भाजून बारीक वाटावे.

५. मटण मऊ झाले की वाटण परतून घालावे. मग घेवडा त्याच्या पाण्यासकट घालावा. पळीभर घेवडा चेचून रश्श्यात मिसळला की रस्सा आपोआप दाट होतो. वीस मिनिटे मंद आचेवर ठेवावे.

६. आमसुले शेवटच्या पाच मिनिटांत घालावीत. वरून कोथिंबीर. अर्धा तास झाकून ठेवून मग वाढावे.

आंबट शेवटी का?

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. एकदा घाईत घेवडा, टोमॅटो, आमसुले, मटण सगळे एकदम पातेल्यात घातले. दोन तासांनी मटण हाडापासून सुटले, पण घेवडा दाताखाली कचकच वाजत होता. आम्ही जुना माल दिला म्हणून दुकानदाराला बोल लावला. चूक आमच्या क्रमाची होती. कडधान्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. तो विरघळला की दाणा मऊ होतो. आंबट पाण्यात तो लवकर विरघळत नाही. विहिरीच्या जड पाण्यातला चुनाही असाच आडवा येतो.

आणखी एक कारण आपल्या गावाच्या उंचीत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. येथे पाणी १०० नव्हे, साधारण ९७.५ अंशांना उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यात घेवड्याला वेळ जास्त लागतो. कुकरमध्ये दाब वाढून तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून काम लवकर होते.

घेवड्याऐवजी मसूर घेतल्यास रात्रभर भिजवण्याची गरज नाही. मटण शिजत आल्यावर तो घालावा, अर्ध्या तासाच्या आत शिजतो. ज्या घरांत मांसाहार नाही त्यांनी मटण गाळून हाच रस्सा करावा आणि लिंबू मात्र विसरू नये.

वाढताना

पाककृती येथे संपते, पाठ संपत नाही. लहान फोडी आणि दाट रस्सा असला की निवडून वाढण्याचे कारण उरत नाही. पळी तळापर्यंत घालावी, ढवळावे आणि प्रत्येक ताटात सारखे वाढावे. जोंधळ्याची भाकरी असेल तर उत्तमच. आणि एक विनंती, मुलांनो: वाढायला सुरुवात करण्यापूर्वी आईच्या वाट्याचा रस्सा एका भांड्यात काढून झाकून ठेवा.

स्वाध्याय

१. एक वाटी घेवडा साध्या पाण्यात व एक वाटी आमसुलाच्या पाण्यात सारखाच वेळ शिजवा (मोठ्यांच्या देखरेखीखाली). फरक वहीत लिहा.
२. झाकणावर पाणी का ठेवतात? आजीला विचारा, नंतर आपल्या शब्दांत कारण लिहा.
३. येत्या रविवारी घरात कोणाच्या ताटात काय पडले, त्याचा तक्ता करा. हा तक्ता वर्गात दाखवायचा नाही. घरातच सगळ्यांनी मिळून वाचायचा आहे.