सुका बांगडा, चहा आणि गोळ्या

क्षयाचे औषध चालू असलेल्या एका दादांनी मध्येच गोळ्या बंद केल्या. विचारले तर म्हणाले, "ताई, गोळीनं तोंड लालबुंद झालं, डोकं ठणकलं, छाती धडधडायला लागली. मला ती सोसत नाही." त्या दिवशी काय जेवलात, असे विचारल्यावर उलगडा झाला. सुक्या बांगड्याचे कालवण!

क्षयाच्या गोळीत आयसोनियाझिड हे औषध असते. बांगडा, कुपा यांसारखे मासे पकडल्यावर थंड ठेवले नाहीत, तर त्यांत हिस्टामिन नावाचा पदार्थ वाढतो. एरवी शरीर तो थोडाफार जिरवते. आयसोनियाझिड ते काम अडवते. मासा कितीही उकळला तरी हिस्टामिन जात नाही. म्हणून उपचार संपेपर्यंत हे मासे, विशेषतः सुके, टाळावेत. गोळी मात्र सोडू नये. साध्या क्षयाला 6 महिने सलग औषध लागते. मध्येच सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. असा त्रास झाला तर आशाताईंना काय खाल्ले होते तेही सांगा. श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा.

हे मासे बंद म्हणजे सकस जेवण बंद नव्हे. अंडी, डाळ, नाचणी खा. आहारासाठी सरकारकडून महिना 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले आहेत. खाते जोडलेले आहे ना, एवढे पाहा.

गोळ्या शक्यतो रिकाम्या पोटी घ्याव्यात, अन्नाबरोबर त्या कमी लागू पडतात. फार मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून थोडे खाऊन घ्या. लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका.

सणाला मोहाची एक पेलाभर चालेल का, हा प्रश्न प्रत्येक पाड्यावर येतो. नाही चालत. या गोळ्यांचा ताण आधीच यकृतावर असतो, त्यात दारूची भर. डोळे पिवळे दिसले, भूक मेली, उलट्या होऊ लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता गरोदर बायांची लोहाची गोळी. ती बहुतेक जणी सकाळच्या चहाबरोबर घेतात, कारण त्या वेळी चुलीवर तेवढेच असते. पण चहामुळे लोह अंगी लागत नाही. गोळी पाण्याबरोबर घ्यावी, लिंबू पिळले तर उत्तम. चहा तासा-दोन तासांनी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, जेवणाबरोबर.