रुमाल सोडायला शीक

बाळ, एम.ए.चे पेढे खाल्ले, आता पुढं काय करावं असं तू विचारलंस, म्हणून सांगतो. पस्तीस वर्षं मोडी कागद वाचून मामानं घर चालवलं, तेव्हा मला जे ठाऊक आहे तेवढंच बोलेन.

आधी मोडी शीक. देवनागरी येते म्हणून मोडी येईल, या भ्रमात राहू नको. आडवी रेघ आधी ओढून घेतात आणि मग बोरू न उचलता लिहीत जातात. शब्द तुटत नाहीत, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात, हात ओळखायला वर्ष लागतं. रोज एक पान लिप्यंतर कर, एका दिवसाचाही खाडा नको. आणि छापील मोडीवर फार दिवस काढू नको, लवकर हस्तलिखिताकडे ये.

अक्षर लागलं की तारीख अडवते. तारखेआधी 'छ' दिसला की मुसलमानी महिन्याची तारीख समज. वर्ष अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं असतं. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हा झाला शुहूर सन. तो मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेच्या कागदाला ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती याच सनात येते. फसलीचं आणि शकाचं गणितही असंच पाठ कर. एका वर्षाची चूक झाली तर वारस बदलतो, हे ध्यानात ठेव.

हे काम कुणाला लागतं? पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. इतिहासकार सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड काढले, तरी बाकीचा ढीग तसाच बांधलेला आहे. मुंबई आणि कोल्हापूरचीही दफ्तरं आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे. तिथं जाऊन बस, ओळख होऊ दे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तालुक्या-तालुक्यांत कोतवाल बुकं वाचायला मोडीचा माणूस हवा होता आणि मिळत नव्हता. वकिलांकडे इनामाचे, वाटणीचे, गहाणाचे कागद येतातच. तंजावरच्या सरस्वती महालातही मोडी कागद आहेत. गोव्याच्या पुराभिलेखागारात जायचं मनात असेल, तर पोर्तुगीज शिकून घे. फारसीची तोंडओळख मात्र कुठंही गेलीस तरी लागेल.

आता पैशाचं सांगतो. दर पानावर ठरव आणि आधी ठरव. फाटलेल्या जागी फाटलंय असं लिही, वाचता आलं नाही तर 'अवाच्य' लिहून पुढं जा. अंदाजानं शब्द भरू नको. मी नवखा होतो तेव्हा एक गृहस्थ जमिनीचा कागद घेऊन आले. कागदात गहाण लिहिलं होतं, त्यांना 'खरेदी' वाचून हवं होतं. दुप्पट पैसे देत होते. घरात तुझी आई तापानं फणफणलेली, तरी कागद परत दिला. ते वाईट बोलून गेले, आमची मजुरीही बुडाली. पुढं त्यांच्याच विरुद्ध बाजूच्या वकिलांनी वीस वर्षं माझ्याकडे काम पाठवलं.

मोडीत मन रमलं नाही तर इतर वाटाही आहेत. पुरातत्त्वाकडे ओढ असेल तर डेक्कन कॉलेज बघ, पण तिथं उन्हात खड्ड्यात उभं राहून मातीचे थर मोजायचे असतात, ते जमेल का हे आधी एखाद्या उत्खननाला जाऊन पाहा. संग्रहालयात जायचं तर नोंदवही नीट लिहिण्याची सवय लाव. टाटा आणि गोदरेज यांनी आपापली अभिलेखागारं उभारली आहेत. कंपन्यांनाही स्वतःचा इतिहास जपणारी माणसं लागतात. जुलै २०२५ मध्ये बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आहेत. तिथं पाहुण्यांना खरं सांगणारा मार्गदर्शक हवा. तू राजगड चढलेली आहेस, आता त्याच्यावरचं अस्सल साधन वाच. शिक्षकी करायची तर बी.एड., प्राध्यापकी करायची तर नेट किंवा सेट, याला फाटा नाही. स्पर्धा परीक्षा द्यायची तर जरूर दे, पण किती वर्षं देणार ते आजच कागदावर लिहून आईजवळ ठेव. या एका गोष्टीत मी कठोर आहे. तिशी उलटेपर्यंत अभ्यासिकेत बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यासाठी जीव तुटतो.

अर्जाबरोबर गुणपत्रिका सगळेच जोडतात. तू त्यासोबत एक पान जोड: डावीकडे मूळ मोडीचा फोटो, उजवीकडे तुझं लिप्यंतर, खाली तारखेचं गणित. मुलाखतीत इतिहासाची आवड आहे असं सांगत बसू नको, कोणता रुमाल वाचलास ते सांग.

आणि दिवाळीला गावी जाशील तेव्हा माळ्यावरची पणजोबांची पेटी उघड. आत लाल फडक्यात बांधलेले कागद आहेत, अजून कुणी वाचलेले नाहीत. उन्हात घालू नको, चिकटपट्टी लावू नको, लॅमिनेशन तर मुळीच करू नको. फोटो काढ, जसे होते तसे बांधून ठेव आणि फोटो घेऊन माझ्याकडे ये. पहिलं पान आपण दोघं मिळून लावू.