आधी आलो, तरी मागे का?

मंडळी, गिरणीत ज्याचा डबा आधी, त्याचे दळण आधी. एस.टी.च्या खिडकीवरही तसेच. पण दवाखान्यातला अपघात विभाग असा चालत नाही. हे कळायला आम्हालाही म्हातारपण यावे लागले.

काही वर्षांमागे आमचे धाकटे बंधू बांधावरून घसरले. मनगट सुजले. रात्री त्यांना एका शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेले. आठ वाजता केसपेपर काढला. साडेदहा झाले तरी कोणी हाक मारीना. आमच्या मागून आलेला एक पोरगा मात्र लगेच आत गेला. आमचे डोके फिरले. आम्ही नर्सबाईंवर ओरडलो, "आम्ही आधी आलोय! हे काय चाललंय?"

बाई म्हणाल्या, "काका, त्या पोराला साप चावलाय. तुमचे भाऊ बसून बोलतायत."

आम्ही गुमान खाली बसलो. पण हेच आम्हाला आठ वाजता कोणी सांगितले असते, तर आम्ही ओरडलो नसतो.

ही रीत जुनी आहे. दोनशे वर्षांहून अधिक झाली, फ्रान्सच्या नेपोलियन बादशहाच्या फौजेत लारे नावाचे डॉक्टर होते. शिपाई असो की सरदार, ज्याची जखम भारी, त्याला ते आधी बघत. आज पुष्कळ दवाखान्यांत यासाठी रंग ठरलेले असतात. जीव धोक्यात असेल तर लाल. थोडा वेळ थांबता येईल तो पिवळा. चालता-बोलता असेल तो हिरवा. आमचे बंधू हिरवे!

आत गेलेल्यालाही लगेच सोडत नाहीत. साप चावल्यावर थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतात. नळी वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग तिरपी करून बघतात. रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनले असे समजतात. ही तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते. नाग आणि मण्यार यांचे विष वेगळे, ते या नळीत दिसत नाही. म्हणून माणूस धडधाकट दिसला तरी त्याला एक दिवस नजरेखाली ठेवतात. "काही झालं नाही, घरी चला," असे म्हणून त्याला उठवून नेऊ नका.

रात्री एक वाजता बंधूंना प्लास्टर घातले. सकाळी पाहिले, तर तो पोरगा अपघात विभागातल्याच खाटेवर. वर वॉर्डात खाट रिकामी नव्हती. खाली खाट अडली की नवा रोगी दारात स्ट्रेचरवर राहतो. खोळंबा खाली दिसतो, पण त्याचे मूळ वरच्या मजल्यावर असते.

आपल्या सोलापूरच्या सिव्हिलचेच बघा. १९६३ साली निघालेल्या मेडिकल कॉलेजला ते जोडलेले आहे. तिथे आपल्या जिल्ह्याचे रोगी येतात. धाराशिव, लातूरचे येतात. कर्नाटकातून विजापूर, कलबुर्गीचेही येतात. खाटा वाढवणे, माणसे नेमणे हे सरकारचे काम, ते त्याने केलेच पाहिजे. पण आपलेही थोडे चुकते. डॉक्टर म्हणतात, "घरी न्या." आपण म्हणतो, "आज अमावास्या, उद्या नेऊ." त्या एका रात्रीत खाली कोणीतरी फरशीवर निजतो.

थांबायचे म्हणजे मुकाट बसायचे, असे मात्र नाही. थांबल्या जागी दम लागला, छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, शुद्ध हरपू लागली, तर उठून सांगा. हिरव्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही.

काही जण पोलिसांच्या भीतीने जखमीला उचलतच नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९८९ साली निकाल दिला आहे. आधी उपचार, कागद नंतर. १०८ नंबरची गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. तिला पैसे पडत नाहीत.

निघताना जुने औषधाचे कागद घ्या. साप किती वाजता चावला, औषध कोणते पोटात गेले, ते चिठ्ठीवर लिहा. आता तुम्हाला लिहिता येते. घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांपुढे वेळ आठवत नाही. आम्हालाही बंधू कधी पडले ते सांगता आले नव्हते.